कण्हसेलाची चित्रे : ज्वालामुखीचा कातळ आणि त्याचे वाचन

कान्हेरीच्या शिलालेखांत तेथील डोंगराला ‘कण्हसेल’ अथवा ‘कण्हगिरी’ म्हटलेले आहे. ‘कण्ह’ म्हणजे काळा आणि ‘सेल’ म्हणजे खडक. हे नाव देणाऱ्याने देवतेचा, राजाचा वा चमत्काराचा आधार घेतला नाही. जो दगड डोळ्यांसमोर होता त्याचा रंग पाहून त्याने नाव दिले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या रहिवाशांना हा काळा दगड परका नाही. येऊरच्या टेकड्या, पारसिकचा डोंगर, कल्याणच्या दक्षिणेस आकाशात घुसलेला मलंगगड, ही सारी एकाच प्रचंड भूघटनेची अपत्ये आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला भेगा पडून तप्त शिलारस पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि थरांवर थर साचून आजचा दख्खन ट्रॅप तयार झाला. झीज होऊन उरलेला त्याचा विस्तार आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातील बहुतेक सर्व बौद्ध लेणी या थरांच्या पोटात कोरलेली आहेत.

या ज्वालामुखीजन्य भूमीची जुनी चित्रे आपल्यापुढे तीन प्रकारची आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय चित्रकारांनी व त्यांच्या एतद्देशीय सहकाऱ्यांनी काढलेली लेण्यांची दृश्ये, हा पहिला प्रकार. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील पर्वत व खडक, हा दुसरा. सागरातील अग्नीचे वर्णन करणाऱ्या जातककथेची शिल्पे, हा तिसरा. या चित्रांतून भूमीविषयी काय कळते आणि कोणती समजूत आपण आपल्या पदरची त्यात घालतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेल्स, डॅनिअल आणि गंगाराम तांबट

स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स १७९१ साली मुंबईस आला. पुणे दरबारातील ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने पेशवे दरबारातील व्यक्तींची चित्रे काढली आणि लेण्यांची रेखाटने हाती घेतली. ती पूर्ण होण्याआधीच नोव्हेंबर १७९५ मध्ये त्याचा अंत झाला. तो ठाणे येथे झाला असे मानले जाते. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिअल याने वेरूळच्या २४ दृश्यांचा संग्रह १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. संग्रहाचे नाव होते ‘हिंदू एक्स्कॅव्हेशन्स इन द माउंटन ऑफ एलोरा’.

या शीर्षकातच पहिला प्रश्न दडलेला आहे. वेरूळची १ ते १२ क्रमांकांची लेणी बौद्ध आहेत, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. संग्रहकर्त्याने मात्र संपूर्ण डोंगर एकाच नावाखाली आणला. त्या काळी भारतातून बौद्ध धम्माची ओळखच पुसली गेली होती, म्हणून एकट्या डॅनिअलला दोष देणे न्याय्य होणार नाही. परंतु ओळख पुसली जाणे ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. वेरूळच्या पाचव्या लेण्याला लोकव्यवहारात ‘महारवाडा’ हे नाव पडले होते. बुद्धमूर्तीसमोर लांबच लांब दगडी बैठका असलेला, भिक्खुसंघाच्या एकत्र बसण्याचा हा भव्य मंडप. त्याच्या निर्मात्यांचे नाव विसरणाऱ्या समाजाने गावाबाहेर ठेवलेल्या माणसांचे नाव त्याला दिले. तुच्छतेने दिलेल्या या नावात समाजाच्या इतिहासाचा एक तुकडा नकळत शिल्लक राहिला, असे म्हणावे लागते.

दुसरा प्रश्न दृष्टीचा. त्या काळच्या युरोपीय निसर्गचित्रणात रौद्र आणि भव्य दृश्यांची विशेष आवड होती. कडा, भेगाळलेला पाषाण, कपारीतून उगवलेले झाड आणि प्रमाण दाखवण्यापुरती एखादी मानवाकृती, ही त्या चित्रांची ठरलेली सामग्री असे. लेणे कोणी कोरले, कोणी दान दिले, तेथे कोण राहत होते, हे त्या दृष्टीच्या कक्षेतच नव्हते. डोंगर आणि लेणे दोन्ही जणू निसर्गानेच निर्माण केले, असा भास त्यातून उत्पन्न होतो. याच मंडळात पुण्याचा गंगाराम तांबट हा चित्रकार होता. मॅलेटच्या प्रेरणेने शनिवारवाड्यात जी चित्रशाळा निघाली तिच्याशी त्याचा संबंध होता. वेल्सबरोबर त्याने काम केले आणि कार्ले व वेरूळ येथील लेण्यांची रेखाटने केली. त्याची कितीतरी चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. २०११ साली तेथे भरलेल्या प्रदर्शनापासून त्याच्या कामाकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष गेले. आपल्या भूमीच्या या पहिल्या आधुनिक चित्रांत एका मराठी कारागीर जातीतील माणसाचा हात होता, ही गोष्ट आपल्या लेखनात अजून पुरेशी आलेली नाही.

दगडाच्या उत्पत्तीविषयी मात्र ही चित्रे मूक आहेत, आणि त्यांच्याकडून बोलण्याची अपेक्षाही करता येत नाही. काळा बेसाल्ट हा समुद्राच्या पाण्यातून साचलेला गाळ की ज्वालामुखीचा रस, हा वाद वेल्सच्या हयातीत युरोपात चालूच होता. इटलीत परिस्थिती निराळी होती. व्हेसुव्हियस डोळ्यांदेखत आग ओकत होता. विल्यम हॅमिल्टन याने पिएत्रो फाब्रिस या चित्रकाराकडून त्याची रंगीत चित्रे करवून घेतली आणि १७७६ साली ५४ चित्रपत्रांसह ती प्रसिद्ध केली. तेथे चित्र हीच शास्त्रीय नोंद होती. सह्याद्रीचा ज्वालामुखी मानवाचा जन्म होण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी विझलेला. त्याचे चित्र काढणारा मनुष्य अग्नीचे चित्र काढू शकत नव्हता; तो फक्त अग्नीचा अवशेष रेखाटत होता.

तो अवशेष वाचण्याचे काम मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम साइक्स याने पुढे केले. दख्खनच्या आडव्या, पायऱ्यांसारख्या थरांचे त्याचे वर्णन १८३३ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेने छापले. ‘ट्रॅप’ हा शब्दसुद्धा स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरून आलेला आहे. याच साइक्सने वेरूळच्या लेण्यांवर निबंध लिहिला आणि पुढे फाहियानच्या प्रवासवृत्ताच्या व शिलालेखांच्या आधारे बौद्ध धर्माच्या आणि पालीच्या प्राचीनतेची बाजू हिरिरीने मांडली. त्याचे सर्वच निष्कर्ष आज टिकणारे नाहीत. तथापि दगडाचे थर आणि इतिहासाचे थर एकाच डोळ्याने पाहता येतात, हे त्याने दाखवून दिले. डॅनिअलच्या डोंगरात नसलेला काळ साइक्सच्या डोंगरात आहे.

अजिंठ्याचा चित्रित खडक

आता अजिंठ्याकडे वळू. पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीच्या पाठीमागे, तसेच सतराव्या लेण्यातील अनेक जातककथांत, खडक एका विशिष्ट पद्धतीने रंगवलेले आहेत. ते ठोकळ्यांसारखे आहेत. कडा सरळ, एक बाजू उजळ तर दुसरी गडद, आणि एकावर एक रचल्याप्रमाणे ते पाहणाऱ्याच्या दिशेने पुढे येतात. बेसाल्ट थंड होताना आकसतो आणि त्याला खांबांसारखे कोनयुक्त आकार येतात. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर ते स्पष्ट दिसतात. ही दोन दृश्ये शेजारी ठेवली की चित्रकाराने वाघूर नदीच्या दरीतील ज्वालामुखीचा खडकच हुबेहूब उतरवला, असे म्हणण्याचा मोह होतो. विधान आकर्षक आहे. पण ते तपासून घेतले पाहिजे.

तपासणीची रीत सोपी आहे. असेच खडक, जेथे बेसाल्ट नाही तेथे आढळतात काय? आढळतात. भरहुत आणि सांचीच्या शिल्पांत पर्वत दाखवताना तुकड्यांवर तुकडे रचलेले आहेत, आणि ती दोन्ही ठिकाणे वालुकाश्माच्या प्रदेशातील आहेत. मध्य आशियातील किझिलच्या भिंतींवर पर्वतांचे चौकट आकार खवल्यांप्रमाणे एकाला एक लागून आले आहेत. तेथेही बेसाल्ट नाही. म्हणजे खडक कसा दाखवावा याचा एक संकेत बौद्ध कलेत रूढ होता आणि तो प्रदेशाप्रदेशांत बदलत गेला. स्टेला क्राम्रिश यांनी १९३७ साली दख्खनच्या चित्रकलेवरील ग्रंथात या ठोकळ्यांचा विचार केला, तोही भूशास्त्राच्या अंगाने नव्हे. चित्रातील वस्तू भिंतीतून पाहणाऱ्याकडे पुढे सरकतात, त्या चित्ररचनेचा भाग म्हणून त्यांनी हे ठोकळे पाहिले. त्यांचे विवेचन मूलगामी आहे, परंतु त्यात कथेला दुय्यम स्थान मिळते. वास्तविक सतराव्या लेण्यात चित्रित झालेल्या महाकपि जातकाच्या एका कथेत आणि शरभमिग जातकात खडक हा देखाव्याचा भाग नसून कथेचा कणा आहे. दोन्ही कथांत बोधिसत्त्व कड्याखाली पडलेल्या माणसाला वर काढण्याआधी त्याच्या वजनाचा दगड उचलून सराव करतो. करुणा ही केवळ भावना नसून तिला पूर्वतयारी लागते, हे तेथे दगडाच्या साह्याने सांगितले आहे. कडा खोल आणि दगड जड वाटला नाही तर कथेचा अर्थच हरवतो. म्हणून तेथील खडकाचा ठोसपणा हा प्रथम कथेच्या गरजेतून आला आहे, आणि भूगोलाचा वाटा असेल तर तो त्यानंतरचा.

डोंगराचे द्रव्य

मग अजिंठ्याच्या चित्रांत ज्वालामुखी नाहीच काय? आहे. मात्र तो आकारात शोधून सापडणार नाही. तो द्रव्यात आहे. हे सिद्ध करण्याचे श्रेय रसायनज्ञांचे आहे. एस. परमशिवन यांनी १९३०च्या दशकात गिलाव्याचे व रंगांचे पृथक्करण केले, आणि पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरील ग्रंथात रसायनज्ञ बी. बी. लाल यांनी हा विषय विस्ताराने मांडला. खडबडीत कातळावर लोहयुक्त मातीचा गिलावा दिलेला आहे. त्यात दगडाची कच, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. तांबडा व पिवळा रंग काव आणि पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा, हिरवा ‘हिरव्या मातीचा’. निळा लाजवर्द तेवढा दूरदेशाहून आलेला. बाकीचे रंग याच भूमीतले. शिलारस थिजताना अडकलेल्या वायूंमुळे त्यात पोकळ्या राहतात, आणि त्या पोकळ्यांत पुढे हिरवी खनिजे, जिओलाइट व स्फटिक साचतात. लोहयुक्त खडक कुजून तांबडी-पिवळी माती होते. तात्पर्य, पद्मपाणीच्या मागील डोंगर हा डोंगराच्याच मातीने रंगवलेला आहे.

पालीच्या अभ्यासकाला यात एक परिचित खूण दिसते. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात विहाराच्या भिंतींना पांढरा, काळा आणि गेरूचा हात देण्याची अनुज्ञा आहे. रंग खडबडीत भिंतीवर बसेना तेव्हा तुसाचा लगदा लावून तो हाताने सारखा करावा आणि मग रंग द्यावा, असे तेथे सांगितले आहे. गांडुळांनी काढलेली माती, पिठाची खळ, झाडाचा चीक यांचाही उल्लेख येतो. विनयाचा हा भाग अनेकांना रुक्ष नियमांची यादी वाटतो. वस्तुतः ती कारागिरांच्या अनुभवातून आलेली गिलाव्याची कृती आहे, आणि शतकानुशतकांनंतर अजिंठ्याच्या भिंतीवर ती तुसासह सापडते. याच प्रकरणात स्त्री-पुरुषांच्या आकृती रंगवण्यास मनाई करून फुले, वेली व नक्षी यांना मुभा दिली आहे. अजिंठ्याच्या मानवाकृतींनी तो नियम कसा ओलांडला, हा संघाच्या इतिहासातील स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, हे पुरातत्त्व विभागाचे एम. सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवून दिले. या तंतूंमुळे तेथील गिलाव्याला कीड कमी लागली, अजिंठ्याच्या गिलाव्याला अधिक लागली, असे त्यांचे म्हणणे आहे. बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठातून लेण्यांच्या मातीचा असा अभ्यास व्हावा, ही समाधानाची गोष्ट होय.

रंगांविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. हवामानशास्त्रज्ञ झेरेफोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली १५०० ते १९०० या काळातील ५००हून अधिक युरोपीय चित्रांतील सूर्यास्त मोजले आणि मोठ्या उद्रेकांनंतर आकाशातील तांबडेपणा वाढल्याचे दाखवले. पद्धत कल्पक आहे, परंतु जुन्या चित्राचा आजचा रंग हा काढला तेव्हाचाच रंग आहे हे तिचे गृहीतक आहे. अजिंठ्यात ते गृहीतक सपशेल कोसळते. निजाम सरकारने बोलावलेले इटालियन तज्ज्ञ सेक्कोनी व ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ या काळात गिलावा भिंतीला पक्का केला हे खरे. पण त्यांनी चपड्याच्या रोगणाचा जो हात दिला तो पुढे पिवळा-तपकिरी पडला. नंतरच्या छायाचित्रांत जी धूसर, तांबूस छटा दिसते ती पुष्कळ अंशी या रोगणाची व साचलेल्या धुळीची आहे. त्यापूर्वीच्या प्रतिकृतींकडे जावे तर तेथे आगीने घाला घातला. रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर केलेली मोठी तैलचित्रे १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतांशी जळाली. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ साली साउथ केन्सिंग्टनमध्ये जळाल्या. अग्नीतून जन्मलेल्या खडकावरील चित्रांच्या नकला अग्नीनेच नेल्या. उरते ती मूळ भिंत. तिला पर्याय नाही.

अग्गिमाल समुद्र

तिसऱ्या प्रकारात आपल्या स्वतःच्या उत्साहाची परीक्षा आहे. सुप्पारक जातकात भरुकच्छचा दृष्टिहीन नावाडी सुप्पारक सातशे व्यापाऱ्यांचे गलबत अद्भुत सागरांतून नेतो. त्याचे नाव आपल्या सोपाऱ्याशी जुळते. हे बंदर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आज पालघर जिल्ह्यात आहे. त्या सागरांपैकी एक ‘अग्गिमाल’, धगधगत्या अग्नीसारखा. शेवटचा ‘वलभामुख’, जेथे पाणी आत ओढले जाऊन कड्यांसारखे उभे राहते. हे वाचून प्राचीन बौद्धांना सागरी ज्वालामुखीचे ज्ञान होते, असे म्हणावेसे वाटते. परंतु मूळ पाठ काय सांगतो? अग्गिमाल समुद्र झळाळतो तो त्यातील विपुल सुवर्णामुळे, असे कथाच स्पष्ट करते. खुरमालात हिरे आहेत, दधिमालात रुपे. प्रत्येक सागराचा वर्ण त्यातील धनाशी जोडलेला आहे. वलभामुखाचे वर्णन भोवऱ्याशी अधिक जुळते. पूर्वेकडील बेटांवरचे धुमसते डोंगर पाहिलेल्या नावाड्यांच्या गोष्टी त्यात मिसळल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तथापि शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

याच कथेचा संस्कृत अवतार आर्यशूराच्या जातकमालेत आहे, आणि जातकमालेच्या ३४ कथा जावा बेटावरील बोरोबुदूरच्या पहिल्या सज्जात कोरलेल्या आहेत. ते स्मारक ज्वालामुखीच्याच दगडाचे, आणि धगधगता मेरापी त्याच्यापासून फार दूर नाही. २०१० साली त्याच्या उद्रेकाची राख स्तूपांवर पसरली आणि त्या आम्ल राखेने दगड झिजू नये म्हणून ती दिवसेंदिवस हातांनी झाडावी लागली. पश्चिम किनाऱ्याच्या नावाड्याची कथा अशी जिवंत ज्वालामुखीच्या सावलीत जाऊन पोहोचली, ही वस्तुस्थिती कोणत्याही कल्पित दाव्यापेक्षा अधिक थोर आहे. आमच्या ग्रंथांत सर्व विज्ञान आधीच होते, ही भाषा दुसऱ्यांची आहे. तिचा पोकळपणा आपण वर्षानुवर्षे दाखवत आलो. तीच आपण उचलली तर बुद्धिवादाचा वारसा सांगण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

छिद्रे असलेला पर्वत

संयुत्तनिकायातील पब्बतसुत्तात कल्पाची दीर्घता समजावताना अखंड, निश्छिद्र आणि भरीव पर्वताचा दृष्टान्त आहे. शंभर वर्षांतून एकदा तलम वस्त्राने पुसला तरी तोही केव्हातरी झिजून जाईल. आपला कण्हसेल तर निश्छिद्र नाही. त्याच्यात पोकळ्या आहेत, भेगा आहेत, दोन थरांमध्ये तांबड्या मातीचे मऊ पट्टे आहेत आणि पावसाळ्यात त्यांतून पाणी झिरपते. कर्जतजवळच्या कोंडाण्याला चैत्यगृहाच्या खांबांचे खालचे भाग झिजून गेले आहेत. त्याच लेण्यावर कण्हाचा शिष्य बलक याने आपण हे काम केल्याची नोंद कोरली आहे. कान्हेरीला पाण्याची पोढी देणारा कल्याणचा सुवर्णकार सामिदत्त आणि कल्याणचाच लोहार नंद, हे त्या डोंगराचे खरे दाते. छिन्नीला धार लावणाऱ्याच्या जातीतला माणूस लेण्याचा दाता होता, ही एक ओळ डॅनिअलच्या २४ दृश्यांहून अधिक बोलकी आहे.

म्हणून आपल्या विहारांतून निघणाऱ्या लेणी-सहलींविषयी दोन शब्द लिहिणे कर्तव्य वाटते. कान्हेरीच्या चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाची अपुरी राहिलेली चित्रे आहेत. तेथे, आणि जेथे कोठे मातीचा गिलावा शिल्लक आहे तेथे, मेणबत्ती आणि अगरबत्ती पेटवू नये. वंदना मुखाने होते. काजळी मात्र भिंतीवर राहते. दुसरे असे की कल्याणजवळच्या लोनाडसारख्या लेण्यांत जाताना कोणीतरी सांगितलेल्या पांडवांच्या वा देवीच्या कथेला केवळ संतापाने उत्तर देऊ नये. शिलालेख, शिल्पपट आणि दगड यांचे वाचन शिकून उत्तर द्यावे. पाली वर्गाच्या अभ्यासक्रमात चुल्लवग्गाचा गिलावा आणि भूशास्त्राचा प्राथमिक धडा शेजारी शेजारी असावेत. ज्यांनी या डोंगराला त्याच्या रंगावरून नाव दिले, त्यांनी तो प्रथम नीट पाहिला होता. आपणही तो तसाच नीट पाहिला पाहिजे.